सीएमआर की एसएमआर: नाशकात हार्ड डिस्क घेताना

सिंहस्थाची तयारी सुरू झाल्यापासून नाशकातले लग्नाचे फोटोग्राफर, रील बनवणारी पोरं, सीसीटीव्ही लावणारे, सगळेच हार्ड डिस्क घ्यायच्या मागे लागलेत आणि विचारतात सगळे एकच, सीगेट घेऊ का डब्ल्यूडी (वेस्टर्न डिजिटल). मला विचाराल तर तो प्रश्न दुसऱ्या नंबरचा. पहिला प्रश्न म्हणजे डिस्क सीएमआर (कन्व्हेन्शनल मॅग्नेटिक रेकॉर्डिंग) आहे का एसएमआर (शिंगल्ड मॅग्नेटिक रेकॉर्डिंग), म्हणजे डेटा लिहायच्या दोन पद्धतींपैकी कुठली, कारण एकाच कंपनीच्या, त्याच २ टीबीच्या, खोक्यावर जवळपास तेच छापलेल्या दोन डिस्क घेतल्या तरी एक निमूट चालत राहते आणि दुसरी ऐन कामाच्या वेळी बसकण मारते. दुसरी खराब असते असंही नाही, तिला भलत्याच कामाला जुंपलेलं असतं.

हा फरक हेडमधून, म्हणजे डिस्कवर डेटा लिहिणाऱ्या-वाचणाऱ्या टोकातून येतो, म्हणून आधी तिथे जरा थांबू. आपण हेड हेड म्हणतो ते खरं तर दोन वेगळे भाग असतात, एकाच बारक्या स्लायडरवर बसवलेले. लिहिणारं हेड म्हणजे छोटासा इलेक्ट्रोमॅग्नेट, आणि वाचणारं हेड म्हणजे चुंबकीय क्षेत्र बदललं की ज्याचा रेझिस्टन्स बदलतो असा सेन्सर. यातलं जायंट मॅग्नेटोरेझिस्टन्स आयबीएमने १९९७ लाच डिस्कमध्ये आणलं होतं, आणि ते शोधणाऱ्या आल्बेर फेर आणि पेटर ग्र्यूनबेर्ग यांना २००७ चं फिजिक्सचं नोबेल मिळालं. आता भानगड अशी की वाचणारं हेड बरंच बारीक करता येतं कारण त्याला नुसतं ओळखायचंय, पण लिहिणाऱ्याला प्लॅटरवरचे, म्हणजे आतल्या फिरत्या तबकडीवरचे चुंबकीय कण पालटायचेत, त्याला जोर लागतो, आणि टोक फार बारीक केलं की जोरच उरत नाही. म्हणून लिहिताना ट्रॅक, म्हणजे डेटाची गोल रेघ, जाड उमटतो आणि वाचायला मात्र त्यातली बारीक पट्टी पुरते.

सीएमआरमध्ये एक जाड ट्रॅक झाला की थोडी जागा सोडून दुसरा, सरळ हिशोब. एसएमआरमध्ये दुसरा ट्रॅक पहिल्याच्या अंगावर थोडा चढवतात, तिसरा दुसऱ्याच्या, घरावर कौलं बसवतात तसे, आणि प्रत्येकाची जी पट्टी उघडी राहते तेवढी वाचणाऱ्या हेडला पुरते. तेवढ्याच प्लॅटरवर जास्त डेटा मावतो. २०१३ मध्ये सीगेट असल्या डिस्क विकायला लागली तेव्हा २५ टक्क्यांपर्यंत वाढ असं सांगत होती, आणि डब्ल्यूडीच्या २०२४ च्या डेटा सेंटरवाल्या डिस्क बघितल्या तर ११ प्लॅटरची सीएमआर २६ टीबीची आणि ११ प्लॅटरचीच एसएमआर ३२ टीबीची, म्हणजे फायदा खराच आहे, थाप नाही.

पण मधलाच एखादा ट्रॅक बदलायची वेळ आली की मजा येते. जाड लिहिणारं हेड शेजारच्या ट्रॅकवरूनही फिरणार, तो पुसला जाणार, म्हणून तो आधी वाचून बाजूला ठेवायचा, परत लिहायचा, मग त्याच्या शेजारचा, मग त्याच्या पलीकडचा, असं एकमेकांवर चढवलेल्या ट्रॅकचा तो गट संपेपर्यंत. एवढुशी फाइल बदलली तरी आत एवढा खटाटोप. तो तुम्हाला दिसू नये म्हणून डिस्क नवीन आलेलं आधी एका राखीव कोपऱ्यात टाकते, तो कोपरा साध्या पद्धतीने लिहिलेला असतो, आणि रिकामा वेळ मिळाला की तिथून उचलून नीट जागी लावते. राखीव कोपरा भरेपर्यंत सगळं सुसाट. भरला की सेकंदाला दीडशे एमबी घेणारी डिस्क दहा-वीसवर येते, कधी त्याच्याही खाली, आणि तुम्ही केबल बदलत बसता.

हेडच्या टायमिंग आणि अलाइनमेंटचं म्हणाल तर ते दोन्ही प्रकारात सारखंच आहे, तिथे निवड नाही, पण दुकानात त्याच्यावरून भरपूर काहीबाही सांगतात म्हणून लिहितो. वाचणारं आणि लिहिणारं हेड शेजारी असले तरी एकाच बिंदूवर नाहीत, मध्ये काही मायक्रॉनचं अंतर असतं. आणि ज्या हातावर ते बसलेत तो सरळ रेषेत जात नाही, एका खिळ्याभोवती वळतो, त्यामुळे बाहेरच्या ट्रॅकवर त्यांचा तिरपेपणा वेगळा आणि आतल्या ट्रॅकवर वेगळा. आपण कुठे आहोत हे डिस्कला फक्त वाचणाऱ्या हेडकडून कळतं, प्रत्येक फेरीत शेकडो ठिकाणी सर्वोच्या, म्हणजे जागा दाखवणाऱ्या खुणा कोरलेल्या असतात त्या वाचून. म्हणजे लिहिणारं हेड बरोब्बर ट्रॅकवर आणायचं तर वाचणारं मुद्दाम बाजूला ठेवावं लागतं, किती बाजूला ते जागेप्रमाणे बदलतं, आणि लिहिणं कधी सुरू करायचं, सर्वोची खूण खालून जाताना कधी थांबायचं, याचीही वेळ सांभाळावी लागते, नाहीतर खूणच पुसली जायची. हे सगळं इंचाला काही लाख ट्रॅक असताना. या बाजूला सरकण्याला मायक्रोजॉग म्हणतात आणि त्याचे आकडे प्रत्येक डिस्कच्या प्रत्येक हेडसाठी कारखान्यात मोजून त्या डिस्कमध्येच ठेवलेले असतात.

म्हणूनच त्याच मॉडेलच्या दुसऱ्या डिस्कचा पीसीबी, म्हणजे खालचा सर्किट बोर्ड, काढून लावला की डिस्क चालू होते हा जुना जुगाड आता सहसा चालत नाही, बोर्डावरच्या रॉम चिपमध्ये मूळ डिस्कचे आकडे असतात, ती रॉम हलवावी लागते. आणि "लो लेव्हल फॉर्मॅट मारून हेड अलाइन करून देतो" असं कोणी म्हणालं तर नमस्कार करून पुढच्या दुकानात जा. हेड स्टेपर मोटरने हलायचं त्या जुन्या काळात, २०-४० एमबीच्या डिस्कना, गरम-गार झाल्यावर ट्रॅक सरकायचे आणि खरंच परत फॉर्मॅट करून फायदा व्हायचा. आताच्या डिस्कवर सर्वोच्या खुणा कारखान्यात एकदाच लिहितात, बाहेर कुठलंही सॉफ्टवेअर त्या लिहू शकत नाही, ते तथाकथित लो लेव्हल म्हणजे नुसते शून्य भरणं असतं.

आता कामाप्रमाणे बघू, आधी डीव्हीआर, म्हणजे सीसीटीव्हीचं रेकॉर्डिंग साठवणारा डबा. सातपूर-अंबडच्या छोट्या वर्कशॉपात ८ कॅमेरे धरा, प्रत्येकी २ एमबीपीएस (मेगाबिट, आठ बिटांचा एक बाइट), म्हणजे एकूण सेकंदाला २ एमबी, दिवसाचे साधारण १७३ जीबी, २ टीबीची डिस्क साडेअकरा दिवसात भरली आणि मग जुन्यावर नवीन लिहिणं सुरू, ते कायमचं. आकडा बघून वाटेल सेकंदाला २ एमबी म्हणजे काहीच नाही, एसएमआर सहज घेईल, आणि चार कॅमेऱ्याच्या किराणा दुकानात ती घेतेही, मालकाला कधी कळतही नाही. अडचण वेगाची नाहीये, उसंतीची आहे. ८-१६ कॅमेऱ्यांचे प्रवाह एकात एक मिसळून येतात, जुनं सतत पुसलं जातं, आणि राखीव कोपरा आवरायला लागणारा रिकामा वेळ चोवीस तासात येतच नाही. मग मधूनच रेकॉर्डिंगमध्ये फटी पडतात आणि नेमकं चोरी झाली त्या दहा मिनिटांचं फुटेज नाही. तिथे सीएमआरवाली सर्व्हेलन्स डिस्कच घ्या, डब्ल्यूडी पर्पल किंवा सीगेट स्कायहॉक या जातीची, पण नुसत्या जांभळ्या लेबलवर विसंबू नका, मॉडेल नंबरने खात्री करा.

याच जागेची अजून एक गोष्ट, हिचा सीएमआर-एसएमआरशी संबंध नाही पण हेडशी आहे. डीव्हीआर कॉम्प्रेसरच्या नाहीतर प्रेस मशीनच्या भिंतीला ठोकलेला असतो. हादऱ्याने लिहिणारं हेड ट्रॅकवरून जरा हललं की डिस्क लिहिणं तिथेच तोडते, शेजारचा ट्रॅक बिघडू नये म्हणून, आणि अख्खी फेरी होईपर्यंत थांबून परत प्रयत्न करते. ५४०० आरपीएमला ती फेरी ११ मिलिसेकंदांची, ७२०० ला ८.३ ची. एकदा झालं तर काही नाही, दिवसभर होत राहिलं तर डिस्क हळू पडते. डीव्हीआर ऑफिसच्या भिंतीला न्या, पैसे पडत नाहीत. एप्रिल-मेमध्ये पत्र्याच्या शेडपेक्षा तिथे गारही असतं.

नॅस (नेटवर्कवरून सगळ्यांनी वापरायचा साठा) किंवा रेड (RAID, अनेक डिस्क एकत्र जोडणं) यासाठी दोन मतंच नाहीत, सीएमआर. ऑफिसात सीएच्या फायली, आर्किटेक्टची ड्रॉइंग, स्टुडिओचा सगळा साठा चार डिस्कच्या डब्यात ठेवलाय आणि एक डिस्क गेली, नवीन घातली की डबा सगळा डेटा तिच्यावर परत बांधायला घेतो. हे रिबिल्ड म्हणजे तासन् तास न थांबता लिहिणं, एसएमआरला नेमकं तेच झेपत नाही, सीएमआरला जे काम एखाद्या दिवसात होतं ते तिला कित्येक दिवस पुरतं आणि मधेच तिने उत्तर द्यायला वेळ लावला तर कंट्रोलर तिला मेलेली समजून बाहेर काढतो, सगळं पहिल्यापासून. हे नुसतं कागदावरचं नाही. एप्रिल २०२० मध्ये उघड झालं की नॅससाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या डब्ल्यूडीच्या रेड (Red) या नावाच्या मालिकेतल्या २ ते ६ टीबीच्या काही डिस्क एसएमआर होत्या आणि तसं कुठे लिहिलेलंच नव्हतं. बराच गदारोळ झाला, मग डब्ल्यूडी, सीगेट, तोशिबा तिघांनीही कुठलं मॉडेल काय आहे ते जाहीर केलं, आणि डब्ल्यूडीने रेड प्लस असं वेगळं नाव काढलं. म्हणून लक्षात ठेवा, रेड प्लस आणि रेड प्रो सीएमआर, त्या वेळच्या नुसत्या रेडवर विश्वास नको. सीगेटची आयर्नवुल्फ सीएमआर आहे.

फोटो-व्हिडिओवाल्यांचं प्रकरण खरं मजेशीर, कारण इथे एसएमआर वाईट नाही. ३००-४०० जीबीचं लग्न झालं, एडिट झालं, अल्बम गेला, आता ते कपाटात जायचंय आणि पाहुण्यांनी दोन वर्षांनी मागितलं तर काढायचंय, या कामाला एसएमआर छान चालते. कोऱ्या डिस्कवर सलग मोठ्या फाइल लिहिल्या तर ट्रॅक ओळीने चढत जातात, मधलं काही बदलायचं नसतं. सिंहस्थाचं सगळं शूट असंच साठवायचं असेल तर त्याच पैशात जास्त टीबी घ्या आणि उरलेल्यात दुसरी प्रत ठेवा, त्याचा उपयोग जास्त. पण तीच डिस्क रोजची म्हणून वापरली, आज भरलं, उद्या निम्मं डिलीट, परवा नवीन, की काही महिन्यांत रडायला लागते. रोजच्या कामाला एसएसडी, नाहीतर सीएमआर. विंडोज टाकायला तर दोन्ही नकोत, एसएसडीच.

पोर्टेबल घेताना मात्र फार घासाघीस करू नका, अडीच इंची १ टीबी आणि वरच्या आजकाल जवळपास सगळ्या एसएमआरच असतात, तिथे पर्यायच नाही. कॉपी संपली म्हणून लगेच केबल ओढू नका, थोडा वेळ तशीच चालू ठेवा, आतून खरखर येत असते ती आवराआवर चालू असते. सेफली रिमूव्ह करून केबल काढली तर सहसा डेटा जात नाही, पण रोज अशी अर्धवट ठेवली तर पुढची कॉपी रखडते. पोर्टेबलऐवजी साडेतीन इंची सीएमआर हवीच असेल तर डिस्क सुटी घेऊन वेगळ्या केसमध्ये घालता येते, फक्त तिला अडॅप्टर लागतो आणि पिशवीत टाकून मंडपात नेणं जमत नाही.

रिकव्हरीचा मुद्दा कोणी विचारत नाही आणि माझ्या मते फोटोग्राफरने आधी तोच बघावा. साध्या सीएमआरवर चुकून फोल्डर डिलीट झालं आणि तुम्ही लगेच हात काढून घेतला तर फोटो जागेवरच असतात, सॉफ्टवेअरने बरेचसे परत येतात. बऱ्याच एसएमआर डिस्क ट्रिम घेतात, म्हणजे विंडोजने डिलीट सांगितलं की डिस्क ती जागा आपल्या नकाशातून काढून टाकते आणि मग रिकव्हरी सॉफ्टवेअरला तिथे शून्यच दिसतात. शिवाय कुठला डेटा प्रत्यक्षात कुठे आहे याचा वेगळा नकाशा एसएमआरला ठेवावा लागतो, तो बिघडला तर लॅबवाल्याचंही काम वाढतं आणि बिलही.

ओळखायची कशी. खोक्यावर बहुतेक वेळा लिहिलेलं नसतं, दुकानदाराला विचारलं तर तो "नवीन टेक्नॉलॉजी आहे" म्हणेल. सगळ्यात खात्रीचं म्हणजे पूर्ण मॉडेल नंबर घेऊन कंपनीच्या साइटवरची यादी बघणं. उदाहरणार्थ सीगेट बॅराकुडाची २ टीबी एसटी२०००डीएम००८ एसएमआर आहे, ४ टीबीची एसटी४०००डीएम००४ पण एसएमआर, आणि त्याच बॅराकुडा नावाची १ टीबी एसटी१०००डीएम०१० मात्र सीएमआर, म्हणजे नावावरून काही कळत नाही. घाईत असाल तर कॅश, म्हणजे डिस्कची तात्पुरती मेमरी बघा, २ टीबीसारख्या लहान डिस्कला २५६ एमबी कॅश दिसली की संशय घ्या, ती अंगावर चढवलेल्या ट्रॅकची सारवासारव करायला असते, पण मोठ्या सीएमआरनाही तेवढी कॅश असते म्हणून हा पुरावा नव्हे. घरी आणल्यावर क्रिस्टलडिस्कइन्फो या सॉफ्टवेअरमध्ये फिरत्या डिस्कच्या नावाखाली ट्रिम दिसलं तर एसएमआर धरून चाला. तिथेच पॉवर ऑन तासही बघा, नवीन म्हणून दिलेली डिस्क हजारो तास दाखवत असेल तर ती कुठल्या तरी डीव्हीआरमधून निघून आलीये.

भावात फरक असतोच, त्यामुळे एमजी रोडला किंवा ऑनलाइन, जिथे घ्याल तिथे दोन्हीचे भाव मॉडेल नंबरसकट मागा, आणि पक्क्या बिलावर पूर्ण नंबर आणि सिरीयल नंबर लिहून घ्या, नुसतं "२ टीबी एचडीडी" लिहिलेलं बिल असेल तर बदलून द्या म्हणायला तुमच्याकडे काहीच राहत नाही.