सॅनिटरी शोरूमची लेआउट सेवा : पाचपैकी दोन तारे

इंदूरच्या रामबागेतलं जुनं घर सोडून आम्ही राऊच्या बाजूला एकमजली घर बांधतोय. आईच्या खोलीला लागून पाच बाय आठ फुटांचं बाथरूम आहे. आई ७८ वर्षांची. खुब्याच्या ऑपरेशननंतर ती वॉकर घेऊन चालते, त्यामुळे या चाळीस चौरस फुटांची काळजी मला बाकीच्या घरापेक्षा जास्त होती. म्हणून इंदूरातल्याच एका मोठ्या सॅनिटरी शोरूमची लेआउट सेवा घेतली. टोकन पाच हजार, सामान घेतलं की बिलातून वजा. दुकानाचं नाव मुद्दाम लिहीत नाही.

शोरूममधला मुलगा अदबीनं वागला. तासाभरात कॉम्प्युटरवर थ्रीडी चित्र काढून दिलं, टाइल्सचे चार रंग बदलून दाखवले. कोणती टाइल भिंतीवर कशी दिसेल हे घरबसल्या कळलं नसतं. दोन तारे त्याचे.

चित्रात दारासमोर, अगदी टोकाला खिडकीखाली कमोड होता. मधे काच लावून शॉवर, दाराशी बेसिन. फार सुरेख दिसत होतं. आणि कमोडपर्यंत जायला आईला रोज ओल्या फरशीवरून जावं लागलं असतं. हे माझ्याही लक्षात आलं नाही. लक्षात आलं ते आमच्या प्लंबर मिस्त्रींच्या. कागद बघून त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "भैया, माताजी रात को उठती हैं?" उठते, दोनदा तरी.

दुसरा प्रश्न : "ये बारह इंच किससे नापा? ईंट से कि टाइल से?" आमचा कमोड एस-ट्रॅपचा, म्हणजे मैला मागच्या भिंतीतून नाही, खाली जमिनीतून जातो. त्याचं भोक मागच्या भिंतीपासून बारा इंचांवर लागतं, पण ते टाइल लागलेल्या भिंतीपासून. विटेपासून बारा मोजले, तर प्लास्टर आणि टाइल मिळून सव्वा इंच खातात आणि मग कमोड बसतच नाही. शोरूमनं नकाशातले पाच बाय आठ जसेच्या तसे धरले होते. खरी आतली जागा उरते साधारण साडेसत्तावन्न बाय साडेत्र्याण्णव इंच. या एवढ्याशा खोलीत अडीच इंच म्हणजे खूप.

मग मिस्त्रींनी कोबा टाकण्याआधी जमिनीवर खडूनं सगळं खऱ्या मापात काढलं. दारापाशी बेसिनला चोवीस इंच, मधे कमोडला पस्तीस, म्हणजे कमोडच्या मध्यापासून दोन्ही बाजूंना सतरा-साडेसतरा (शोरूमच्या चित्रात भिंत अकरा इंचांवर होती, कोपर टेकलं असतं), आणि टोकाला, खिडकीखाली, आंघोळीची जागा. कोरडं आधी, ओलं शेवटी. कमोड लांब भिंतीला लावल्यामुळे त्याचा पाइप जमिनीखालून सरळ बाहेरच्या चेंबरला जातो, आडवं वळण नाही. समोर तीस इंच वाट उरते, वॉकर निघतो. दार तीन फुटांचं आणि बाहेर उघडणारं केलं. आत उघडणाऱ्या दारामागे माणूस पडला तर दार ढकलता येत नाही, हे आमच्या नात्यात एकदा घडलेलं आहे. ते आठवून आजही पोटात गोळा येतो.

खडूच्या कमोडवर प्लॅस्टिकचं स्टूल ठेवून आईला बसवलं. उठताना तिचा हात आपोआप भिंतीवर जिथे गेला, तिथे मिस्त्रींनी खूण केली. जमिनीपासून एकतीस इंच. स्टीलचा दांडा आता तिथेच येणार आहे, आणि त्या भागात विटा भरीव घातल्या आहेत, कारण दांड्यावर पूर्ण वजन पडतं.

पाण्याबद्दल शोरूमनं एक अक्षर विचारलं नाही, याचं मला सगळ्यात वाईट वाटलं. जलूदहून येणारं नर्मदेचं पाणी आपल्याकडे एक दिवसाआड येतं, बाकी बोअरवेलचं जड पाणी. आमच्या गच्चीवर दोन टाक्या आहेत, म्हणजे बाथरूममधेही दोन लाइनी हव्यात : फ्लशला बोअरची, बेसिन आणि आंघोळीला नर्मदेची. चित्रात एकच होती. जो काळा मॅट नळ ते सुचवत होते, त्यावर बोअरच्या पाण्याचे पांढरे डाग पडतात. म्हणून नर्मदेची लाइन असूनही साधा क्रोमचाच घेतला, कारण टंचाईच्या दिवसांत बोअरचं पाणी तिकडे सोडावंच लागतं. छतातला मोठा शॉवर तर आमच्याकडे चाललाच नसता. टाकीचा तळ शॉवरच्या वर सात-आठ फूट, म्हणजे दाब पाव बारसुद्धा नाही. हातशॉवर घेतला. आणि बादली ठेवायला जागा. बादलीशिवाय आमच्या घरात कोणाची आंघोळ होत नाही.

न्हाणी ट्रॅप, म्हणजे फरशीवरचं पाणी जिथून वाहून जातं तो जाळीचा ट्रॅप, त्यांनी दाखवलाच नव्हता. सियागंज बाजारातला हिंदी बोलणारा दुकानदारही ज्याला आपल्या शब्दानं 'नहानी ट्रैप' म्हणतो, तीच वस्तू लेआउटमधून गायब! आमचा आता खिडकीखालच्या कोपऱ्यात आहे, फुटाला पाव इंच उतार. हा उतार नीट यावा म्हणून जमिनीला फूट बाय फुटाच्या खरखरीत टाइल्स घेतल्या. त्यांनी सुचवलेल्या दोन बाय चारच्या चकचकीत टाइल्सना एका कोपऱ्याकडे उतार देणं कठीण, आणि ओल्या झाल्या की पाय सटकतो.

टाइल्स शेवटी त्यांच्याकडूनच घेतल्या, माल चांगला आहे आणि टोकन खरंच वजा झालं. त्यांची सेवा घ्यायचीच असेल, तर जाताना टाइल धरून आतलं माप, चेंबर कोणत्या बाजूला आहे, टाकीची उंची, दार कुठे उघडतं हे लिहून न्या आणि चित्रासोबत भिंतीपासूनची मापं लिहिलेला कागद मागून घ्या. मी मागितला तेव्हा मुलगा म्हणाला, "अंकल, वो तो आपका प्लंबर कर लेगा." आमच्या प्लंबरनं ते केलं आणि लेआउटचे वेगळे पैसे घेतले नाहीत. मी दिले.

वॉटरप्रूफिंग झाल्यावर काल पाणी भरून ठेवलंय, ४८ तास. आज सकाळी बाहेरची भिंत हात फिरवून पाहिली, कोरडी आहे. उद्या संध्याकाळी पुन्हा बघणार.