काइटसर्फिंगच्या सुट्टीसाठी किनारा निवडताना: सिआरा, तारिफा की कल्पिटिया?

काइटसर्फिंगसाठी, म्हणजे वाऱ्यावर उडणाऱ्या मोठ्या पतंगाच्या (काइटच्या) ओढीने फळीवर उभे राहून पाण्यावरून घसरत जाण्याच्या खेळासाठी, आठवडाभराची सुट्टी काढणाऱ्याने एखाद्या किनाऱ्यावर सरासरी किती वारा असतो हे विचारण्याआधी तो कशामुळे वाहतो हे विचारावे, कारण त्या सात दिवसांपैकी किती दिवस पाण्यात उतरता येईल हे त्यावरच ठरते.

ब्राझीलच्या ईशान्येकडील सिआरा राज्याच्या किनाऱ्याला व्यापारी वारे मिळतात. विषुववृत्ताजवळचा कमी दाबाचा पट्टा वर्षाच्या उत्तरार्धात उत्तरेकडे सरकलेला असतो, तेव्हा साधारण ऑगस्टपासून डिसेंबरपर्यंत येथे जवळजवळ रोज वारा वाहतो आणि सप्टेंबर ते नोव्हेंबर या काळात तो सर्वांत जोरदार असतो. फेब्रुवारी ते मे दरम्यान हाच पट्टा दक्षिणेला उतरला की पाऊस सुरू होतो आणि वारा मंदावतो. वर्षातून एकदाच अशी सुट्टी मिळत असेल, तर या खात्रीशीरपणाला मी सर्वाधिक महत्त्व देईन.

स्पेनमधील तारिफाचे गणित वेगळे आहे. जिब्राल्टरची सामुद्रधुनी सर्वांत अरुंद ठिकाणी सुमारे १४ किलोमीटर रुंद आहे आणि दोन्ही बाजूंच्या डोंगरांमधून वारा दाटून आल्यामुळे त्याचा वेग वाढतो. पूर्वेकडून येणाऱ्या ‘लेवांते’त झोत फार असतात, शिवाय तेथील बहुतेक किनाऱ्यांवर तो माणसाला जमिनीपासून दूर ओढतो, पश्चिमेचा ‘पोनिएंते’ त्या मानाने सौम्य आणि एकसारखा असतो. वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, म्हणजे १५ नॉटचा वारा ३० नॉटवर गेला की काइटवरील जोर चौपट होतो, आणि म्हणूनच लेवांतेच्या दिवशी नवशिक्याने तेथे पाण्यात उतरू नये असे मला कळकळीने सांगावेसे वाटते. अनुभवी माणसाने मात्र दोन-तीन वेगवेगळ्या आकारांच्या काइट आणि वेटसूट (थंड पाण्यात अंग उबदार ठेवणारा घट्ट पोशाख) घेऊन जावे. वाऱ्याची दिशा बदलत राहिल्यामुळे तेथे शिकायलाही पुष्कळ मिळते.

श्रीलंकेतील कल्पिटियाला मे ते ऑक्टोबर या काळात नैऋत्य मोसमी वाऱ्यांचा लाभ होतो. हा भाग बेटाच्या कोरड्या पट्ट्यात असल्याने वारा भरपूर असूनही पाऊस फारसा अडवत नाही, आणि खाजणातील उथळ, सपाट पाण्यामुळे पहिले धडे येथेच गिरवावेत असे माझे मत आहे. डिसेंबर ते मार्चमध्ये ईशान्येचा वाराही असतो, पण तो तुलनेने कमजोर असतो.

सुट्टी जानेवारी-फेब्रुवारीतच मिळत असेल, तर या तिन्हींऐवजी दक्षिण आफ्रिकेतील केपटाउनचा विचार करावा, कारण तेथील जोरदार आग्नेय वाऱ्याचा तो ऐन हंगाम असतो. मात्र हाच वारा पृष्ठभागावरचे पाणी किनाऱ्यापासून दूर ढकलतो आणि त्याच्या जागी खोलवरचे थंड पाणी वर येते, त्यामुळे भर उन्हाळ्यातही तेथे जाड वेटसूट लागतो.