फोन मीच लावला होता

आंब्याच्या हंगामात, एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात, देवगड तालुक्यातील आमच्या घरी कोणाला जेवायचीही उसंत नसते. त्या दिवशी पडवीत पेट्या भरण्याचे काम चालू होते, पुण्याच्या पार्सलांची गाडी संध्याकाळी ५ वाजता निघणार होती आणि नेमका त्याच दुपारी पत्त्यांची लेबले छापणारा प्रिंटर बंद पडला. त्याचा ड्रायव्हर, म्हणजे संगणकाला प्रिंटर चालवता यावा म्हणून लागणारा प्रोग्रॅम, पुन्हा टाकावा लागणार एवढे मला ठाऊक होते, म्हणून इंटरनेटवर शोध घेतला आणि सर्वांत वर आलेला दुवा उघडला. त्या दुव्यावर बारीक अक्षरांत ‘प्रायोजित’ असे लिहिलेले होते, म्हणजेच ती कोणीतरी पैसे भरून लावलेली जाहिरात होती, हे नंतर पुतण्याने दाखवले तेव्हा माझ्या ध्यानात आले.

दुवा उघडताच संपूर्ण पडदा निळा झाला, मध्यभागी लाल चौकट आली आणि भोंगा वाजू लागला. इंग्रजीत बोलणारा एक आवाज पुन्हा पुन्हा बजावत होता की संगणकात व्हायरस शिरला आहे, बँकेची माहिती चोरीला जात आहे, संगणक बंद करू नका, खालील क्रमांकावर तातडीने फोन करा. माउसचा बाण दिसेनासा झाला होता आणि पान बंद करण्याची फुलीही कुठे सापडत नव्हती. पडवीतून सौभाग्यवतींनी विचारले, “काय वाजता ता?” तिला काय सांगावे हे मला सुचेना.

चौकटीत माझ्या इंटरनेट जोडणीचा आयपी पत्ता, म्हणजे तिचा ओळख क्रमांक, आणि शहराचे नाव दिले होते, त्यामुळे माझा विश्वास बसला. वास्तविक आपण उघडतो त्या प्रत्येक संकेतस्थळाला हा पत्ता कळतच असतो आणि त्यावरून ठिकाणाचा अदमास लावता येतो. शिवाय तो अदमासही चुकला होता, कारण शहर ‘मुंबई’ दाखवले होते आणि मी बसलो होतो देवगडात. एवढी ढळढळीत चूक डोळ्यांसमोर असूनही मी पेटीवर लावायच्या कोऱ्या लेबलाच्या पाठीमागे तो क्रमांक लिहून घेतला आणि फोन लावला.

अनोळखी माणसाचा फोन आला तर सावध राहावे, हे आपण सर्वांनी ऐकलेले असते आणि मीही तसा सावधच असतो. येथे मात्र फोन मीच केला होता. मदत मागणारा मी होतो, म्हणून पलीकडच्या माणसाची ओळख विचारण्याचे मला सुचलेच नाही. तो अत्यंत अदबीने, हिंदीत, प्रत्येक वाक्याला ‘सर’ म्हणत बोलत होता. त्याने ‘तपासणीसाठी’ एक ॲप उतरवून घ्यायला लावले आणि त्यात उमटलेला नऊ आकडी क्रमांक विचारला. माझा संगणक तिकडे बसून त्याला चालवता यावा, यासाठीच ते ॲप होते. त्यानंतर त्याने विंडोजमधील इव्हेंट व्ह्यूअर, म्हणजे संगणकातील घडामोडींची नोंदवही, उघडून लाल खुणा आणि पिवळ्या त्रिकोणांची लांबलचक यादी माझ्यासमोर सरकवत नेली व हे सगळे व्हायरस असल्याचे सांगितले. पुढे पुतण्याने स्वतःच्या नव्याकोऱ्या लॅपटॉपवर तीच यादी उघडली, तेव्हा तिथेही तशाच खुणा होत्या. एखादा प्रोग्रॅम उशिरा सुरू झाला किंवा प्रिंटर सापडला नाही, तरी अशी नोंद तिथे होत असते.

पाच वर्षांच्या संरक्षणासाठी ४,९९९ रुपये सांगून झाल्यावर, “आज फक्त १० रुपये नोंदणी भरा, बाकीचे काम पटल्यावर द्या” असे तो म्हणाला. दहा रुपयांसाठी कोण संशय घेणार? मी नेट बँकिंग उघडले. लगेच पडदा काळा झाला. तपासणी चालू आहे, असे कारण त्याने दिले. मोबाइलवर दोनदा ओटीपी आला आणि त्याला ‘नोंदणी क्रमांक’ समजून मी तो वाचून दाखवला. नवीन व्यक्तीच्या खात्यात पैसे पाठवण्यासाठी हा ओटीपी आहे आणि तो कोणालाही सांगू नये, असे त्याच संदेशात लिहिलेले होते. मी केवळ आकडे वाचले. ग्राहकांनी आगाऊ पाठवलेले ४९,५०० रुपये खात्यातून गेले.

पुतण्या आल्यावर त्याने पहिल्यांदा इंटरनेटची वायर काढली आणि दुसऱ्या फोनवरून बँकेला व १९३० या राष्ट्रीय सायबर मदत क्रमांकावर कळवले. राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रारही त्याच संध्याकाळी नोंदवली. त्या धावपळीमुळे १४,००० रुपये पुढच्या खात्यात अडकवता आले, ते परत मिळावेत म्हणून अर्ज दिलेला आहे. उरलेल्या रकमेबाबत बँकेने रिझर्व्ह बँकेच्या जुलै २०१७ च्या परिपत्रकावर बोट ठेवले. ग्राहकाने स्वतःच गोपनीय माहिती दिली असेल, तर बँकेला कळवेपर्यंतचे नुकसान ग्राहकाचे आणि कळवल्यानंतरचे बँकेचे, असे त्या परिपत्रकात म्हटले होते. म्हणूनच लाजेपोटी एक रात्रही वाया घालवू नये. मी स्वतः अर्धा तास कोणाला न सांगता बसून होतो, ते अजून मनाला लागते.

सर्वांत जास्त चीड येते ती ही, की तो निळा पडदा म्हणजे एक साधे वेबपान होते. फोन लावीपर्यंत संगणकाला काहीही झालेले नव्हते. एस्केपचे बटण थोडा वेळ दाबून धरले असते तर पूर्ण पडद्यावर पसरलेले ते पान आखडले असते आणि फुली दिसली असती. तेवढ्याने भागले नसते, तर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबून टास्क मॅनेजरमधून, म्हणजे चालू प्रोग्रॅमांच्या यादीतून, ब्राउझर बंद करता आला असता. मात्र पुन्हा उघडताना ब्राउझर ‘आधीची पाने परत आणू का’ असे विचारतो, तेव्हा नको म्हणायचे, नाहीतर तोच भोंगा परत सुरू होतो. विंडोजचा खरा इशारा कोपऱ्यात लहानसा येतो, तो बोंबलत नाही. आपल्या इशाऱ्यांत कधीही फोन क्रमांक नसतो, हे मायक्रोसॉफ्टने स्वतः जाहीर केलेले आहे.

पुतण्याने ते ॲप काढले, विंडोज नव्याने टाकले आणि सगळे पासवर्ड स्वतःच्या लॅपटॉपवरून बदलायला लावले. विंडोज पुसण्यापूर्वी ब्राउझरच्या सूचनांची यादी पाहिली, तर क्रिकेटच्या धावसंख्येसाठी केव्हातरी उघडलेल्या दोन अनोळखी संकेतस्थळांना मी सूचना पाठवण्याची परवानगी देऊन ठेवलेली निघाली. ‘तुमचा संगणक धोक्यात आहे’ अशा ज्या चिठ्ठ्या महिनाभर कोपऱ्यात उगवत होत्या, त्या तिथून येत होत्या. मी त्या खऱ्या मानत आलो होतो आणि माझी भीती तेव्हापासूनच शिजत होती.

आठव्या दिवशी आणखी एक फोन आला. गेलेले पैसे मिळवून देतो, त्यासाठी १,५०० रुपये शुल्क भरा, असे तो गृहस्थ म्हणाला. किती रक्कम गेली आणि कोणत्या तारखेला गेली, हे त्याला तोंडपाठ होते. या खेपेस मी तो क्रमांक लिहून घेतला तो पोलीस ठाण्यात देण्यासाठी.