दोमिएच्या नावाखाली ८७५ युरोंचा गंडा

पॅरिसमध्ये एकोणिसाव्या शतकातला फ्रेंच व्यंगचित्रकार ओनोरे दोमिए याची शिळाछाप (दगडावर खडूने काढून छापलेली) व्यंगचित्रे विकत घेण्याच्या विचारात असलेल्या मराठी मंडळींनी हे वाचून मगच खिशात हात घालावा. चार चित्रांचे ७८० युरो आणि मापाने कापून घेतलेल्या चौकटींचे ९५, असे माझे ८७५ युरो बुडाले. तीन चित्रे वकील-न्यायाधीशांची टर उडवणारी होती आणि चौथे रोबेर माकेर या नाटकातल्या नामांकित ठकसेनाचे. म्हणजे ठकाचे चित्र ठकानेच माझ्या गळ्यात मारले.

प्रत्येक चित्राच्या खालच्या समासात पेन्सिलीची सही होती आणि शेजारी ‘१२/१००’, म्हणजे शंभरातली बारावी प्रत, असा क्रमांक. तिथेच मी पाठ फिरवायला हवी होती. दोमिए १८७९ मध्ये वारला, आणि प्रतींवर पेन्सिलीने सही करून क्रमांक घालण्याची रीत रूढ झाली ती त्यानंतर. त्याची आद्याक्षरे दगडावरच काढलेली असत. शिवाय ही चित्रे ‘ल शारीवारी’ या दैनिकासाठी छापली जात; तिथे शंभर प्रतींचा हिशेब कोण ठेवणार? आणि चारही चित्रांचा क्रमांक बारा! त्या आकड्यानेच चित्रे अस्सल असल्याची माझी खात्री पटली, हे आठवले की आजही अंगाचा तिळपापड होतो.

तरीही मी डोळे मिटून पैसे दिले नव्हते. दैनिकातल्या प्रतींच्या पाठीवर मजकूर असतो हे मला ठाऊक होते, म्हणून पाठ कोरी का, असे मी दुकानदाराला विचारले. संग्राहकांसाठी चांगल्या पांढऱ्या कागदावर वेगळ्या प्रती काढत, असे उत्तर मिळाले, आणि ते खरेच आहे. १८३५ च्या कायद्यांनी राजकीय व्यंगचित्रांवर सेन्सॉर बसल्यावर दोमिए रोजच्या समाजजीवनाकडे वळला, हा इतिहासही त्या गृहस्थाने बिनचूक सांगितला. एवढा जाणकार माणूस लबाड निघेल, असे कोणाच्या मनात येईल?

चौकटवाल्याने भिंग धरले तेव्हा पितळ उघडे पडले. शिळाछापात खडूचे वेडेवाकडे कण दिसतात. इथे यंत्राच्या छपाईचे एकसारखे ठिपके रांगेत बसले होते. दहापट मोठे दाखवणारे भिंग जवळ ठेवा, आणि दुकानदार घाई करू लागला तर चित्र खाली ठेवा.

रोख दिल्यास ८६० चे ७८० करतो, या आमिषामुळे बँकेकडेही दाद मागता आली नाही. पोलीस चौकीत पावती दाखवली, तर तिच्यावर ‘जुनी चित्रे, ४ नग’ एवढेच लिहिले असल्याने हा दिवाणी वाद आहे, असे सांगून मला वाटेला लावले. ग्राहकांच्या तक्रारी घेणाऱ्या कार्यालयाने अर्ज भरून घेतला आणि ‘नोंद घेतली’ असे एका ओळीचे उत्तर धाडले. ग्राहकाने मागितल्यास वस्तूचे स्वरूप, मूळ आणि काळ यांबद्दल केलेले दावे विक्रेत्याने पावतीवर लिहून दिलेच पाहिजेत, असा १९८१ चा फ्रेंच हुकूम आहे. तुम्ही मागितलेच नाही, असे तिथल्या बाईंनी मलाच सुनावले. म्हणजे कायदा माहीत नसलेल्याला लुटण्याची मुभा आहे काय? तुम्ही मात्र कलाकाराचे नाव, छपाईचे तंत्र आणि वर्ष लिहून घेतल्याशिवाय एक युरोही देऊ नका. दुकानदाराला मी रजिस्टर्ड पत्र पाठवले होते. त्याची पोच आली, पैसे आलेले नाहीत.