बंद पडलेल्या कार शोरूमचं सामान: पाट्या सोडा, कागद घ्या

जुन्या गाड्यांचा नाद असलेल्या लोकांत एक पोटजात आहे, त्यांना गाडीइतकंच ती विकणाऱ्या डीलरचं वेड असतं. शोरूम कधीच बंद झालेली, जागेवर दुसरंच काहीतरी उभं, पण त्या डीलरचं नाव असलेली कीचेन, डिकीवरचा बॅज, ब्रोशर, वॉरंटीची पुस्तिका, भिंतीवरची पाटी हे सगळं अजून ऑनलाइन फिरत असतं आणि लोक हातोहात उचलतात. मी पण त्यातलाच. बरीच वर्षं घेतोय, विकतोय, भांडून परत पाठवतोय, म्हणून म्हटलं एकदा या सगळ्या मालाचा रिव्ह्यू लिहूनच टाकू. कारण विकणारा प्रत्येक जण "अतिशय दुर्मिळ" लिहितो आणि त्यातलं निम्मं दुर्मिळही नसतं आणि जुनंही नसतं.

माझं मत आधीच सांगतो, ज्यांना पुढचं वाचायचा कंटाळा आहे त्यांच्यासाठी: डीलरच्या काउंटरवरून गेलेले कागद आणि फुकट वाटलेलं किरकोळ सामान घ्या, भिंतीवरच्या पाट्यांच्या नादी लागू नका.

पाट्यांचं आधी उरकतो. शिकागोच्या निकी शेवरोले या डीलरची पाटी सगळ्यांना माहितीये, नावातला के उलटा काढलेला, त्यामुळे एकदा बघितली की डोक्यातून जात नाही. किंवा पेनसिल्व्हेनियात कॅनन्सबर्गला येन्को शेवरोले होतं, त्यांनी 1969 ला 427 क्युबिक इंचाचं इंजिन कंपनीकडूनच बसवून घेऊन कमॅरो विकल्या, त्यावरचे एसवायसी (म्हणजे येन्को सुपर कार) लिहिलेले स्टिकर. दोन्ही डीलर आता इतिहासजमा, आणि नेमकं म्हणूनच यांच्या नावाचा माल आज ढिगाने छापला जातो. नकली असायला माझी हरकत नाही, गॅरेजात लावायला छान दिसतं, पण नकली म्हणून विका ना राव. इनॅमलची पाटी खरी असेल तर प्रत्येक रंगाचा थर वेगळा भाजलेला असतो, दोन रंग जिथे भेटतात तिथे बोट फिरवलं की बारीकशी पायरी लागते. आणि टवका उडतो तो मुख्यतः स्क्रूच्या भोकापाशी आणि कडेला, कारण जोर तिथेच पडतो. गंज सगळीकडे सारखा, बेताबेताने पसरलेला दिसला की समजायचं, कोणीतरी मुद्दाम बसून चढवलाय.

आता कीचेन आणि बाकी चिल्लर. ही मला मनापासून आवडतात कारण ती फुकट वाटायलाच केलेली असायची, कोणी जपून ठेवायला नाही, आणि त्यांच्यावर छापलेला पत्ताच त्यांचं वय सांगून टाकतो. अमेरिकेत पत्त्यात झिप कोड आला 1963 च्या जुलैत. मला एका विक्रेत्याने "1955 ची, एकदम न वापरलेली" म्हणून चामड्याची कीचेन दाखवली, डीलरचं नाव सुंदर सोनेरी अक्षरात, आणि खाली पत्त्यात पाच आकडी झिप कोड. विचारलं तर म्हणे जुना स्टॉक आहे. जुना असेल हो, पण पोस्टाने आठ वर्षं नंतर काढलेला कोड आधीच कसा छापला ते सांगा, तर त्याने ब्लॉकच केलं. ब्रिटनचं सामान असेल तर फोन नंबर बघा, लंडनचा 01 कोड मे 1990 मध्ये जाऊन 071 आणि 081 आले, नंतर 1995 ला 0171 आणि 0181 झाले, त्यामुळे "सत्तरच्या दशकातलं" म्हणून विकलेल्या वस्तूवर 0171 दिसला की पुढचा वेळ वाचतो. तिकडच्या डीलरांनी वाटलेली टॅक्स डिस्कची (रोड टॅक्स भरल्याचा गोल कागद, गाडीच्या काचेवर लावायचा) पाकिटं पण मस्त असतात, काचेला चिकटवायची, डीलरचं नाव छापलेली. ती डिस्कच 1 ऑक्टोबर 2014 पासून बंद झाली, म्हणजे ज्यासाठी पाकीट केलं ती वस्तूपण गेली आणि ते वाटणारे कितीतरी डीलरपण गेले. स्वस्तात मिळतात, जागा खात नाहीत, पूर्ण मार्क.

डिकीवरच्या धातूच्या बॅजबद्दल थोडक्यात. पुढून सगळेच चमकतात, विक्रेत्याकडून मागच्या बाजूचा फोटो मागा. खरा जुना बॅज जस्ताच्या मिश्रधातूचा ओतीव असेल तर क्रोमखाली बारीक फोड आलेले असतात आणि मागच्या पिना वाकलेल्या किंवा तुटक्या असतात, कारण कोणीतरी तो गाडीवरून उचकटून काढलेला असतो. फोटो द्यायला टाळाटाळ केली की सोडून द्या.

खरी मजा कागदात आहे, आणि कागदासोबत आलेल्या त्या एका पत्र्याच्या तुकड्यात. शेवरोलेच्या गाड्यांबरोबर 1965 ते 1972 या काळात वॉरंटीच्या पुस्तिकेत प्रोटेक्ट-ओ-प्लेट नावाची छोटी पट्टी यायची. जुन्या क्रेडिट कार्डासारखी उठावाची अक्षरं, तीही उलटी, म्हणजे सर्व्हिसला गेलात की डीलर ती मशीनमध्ये घालून वॉरंटीच्या फॉर्मवर ठसा मारून घ्यायचा. त्यात गाडीचा चॅसी नंबर, इंजिनचा कोड, गिअरबॉक्स आणि मागच्या अ‍ॅक्सलची माहिती, आणि पहिल्या मालकाचं नाव. आज "इंजिन मूळचंच आहे" असं सांगणाऱ्याला गप्प करायला किंवा त्याला खरं ठरवायला याच्याइतका चांगला साक्षीदार क्वचितच. अर्थात याचीही नक्कल निघते, त्यामुळे नुसती प्लेट घेऊ नका, पुस्तिकेसकट घ्या, आतल्या पानांवर सर्व्हिसच्या तारखा, मैल आणि डीलरचा शिक्का असतो, कधी शाई पसरलेली, कधी शिक्का वाकडा पडलेला, मेकॅनिकचा तेलकट अंगठा तर हमखास. माझ्याकडच्या एका पुस्तिकेत मैल खोडून परत लिहिलेत आणि बाजूला कोणाची तरी घाईघाईची सही आहे, ते पान बघत मी कितीही वेळ बसू शकतो.

काचेवरचं मोनरोनी स्टिकर मिळालं तर मात्र विचार न करता घ्या. 1958 च्या अमेरिकन कायद्याने नव्या गाडीच्या काचेवर किमतीचा तपशील लावणं सक्तीचं झालं, गाडी कुठल्या डीलरकडे पाठवली तेही त्यावर असतं. लोक ते पहिल्याच आठवड्यात खरवडून फेकायचे, त्यामुळे टिकलेली कमीच.

शोरूममध्ये मिळणारी प्लास्टिकची प्रोमो मॉडेल्स, 1:25 मापाची, खऱ्या गाडीच्याच रंगात, ही दिसायला सगळ्यात भारी. पण पन्नासच्या दशकातली अ‍ॅसिटेटची असतात आणि ती काळाने वाकतात, छप्पर खाली बसतं, बंपर वर उचलतो. फोटो बाजूने मागा. वाकलेलं घेऊन गरम पाण्याने सरळ करायच्या भानगडीत पडू नका.

सगळ्यांना स्वप्न असतं ते लॅम्ब्रेक्टसारखं घबाड सापडायचं. नेब्रास्कातल्या पिअर्स गावातली शेवरोलेची डीलरशिप, 1946 ला सुरू, 1996 ला बंद, आणि न खपलेल्या नव्या गाड्या तशाच ठेवून दिलेल्या. सप्टेंबर 2013 मध्ये लिलाव झाला तेव्हा सुमारे 500 गाड्या निघाल्या, त्यात 1958 चा कॅमिओ पिकअप होता, मीटरवर जेमतेम 1.3 मैल, तो 1,40,000 डॉलरला गेला, तोही धुळीसकट. धूळ पुसली असती तर उलट भाव पडला असता असं माझं प्रामाणिक मत. पण तिथूनच पुढे एक रोग लागला, कुठल्याही बंद डीलरच्या गोदामातली गंजकी हबकॅप "न वापरलेला शोरूम स्टॉक" म्हणून विकायचा. असं घबाड रोज निघत नसतं. उलट 2009 च्या दिवाळखोरीत एकट्या क्रायस्लरने 789 डीलर एका फटक्यात कमी केले, तेव्हा तसल्या सामानाला तोटाच नव्हता, त्यामुळे त्या काळातल्या ब्रोशरना दुर्मिळ म्हणून चढा भाव देऊ नका.

आणि काही गोष्टी विकत मिळतच नाहीत. न्यूयॉर्कला 430 पार्क अ‍ॅव्हेन्यूवर आर्किटेक्ट फ्रँक लॉइड राइटने युरोपियन गाड्या आयात करणाऱ्या मॅक्स हॉफमनसाठी केलेली शोरूम होती, आत फिरतं टेबल आणि गोल चढत जाणारा रॅम्प. 2013 मध्ये आतलं सगळं तोडलं. तिथली आठवण हवी असेल तर फोटो आणि हॉफमनच्या नावाची जुनी छापील कागदपत्रं यांवरच भागवायचं.

विकणाऱ्यांना एकच विनंती, जुन्या बिलांचे आणि वॉरंटीच्या पुस्तिकांचे फोटो टाकताना मालकाचं नाव-पत्ता झाका, ती माणसं किंवा त्यांची मुलं अजूनही त्याच घरात राहत असू शकतात, आणि ज्याला घ्यायचंय तो शिक्का बघून घेणार आहे, पत्ता बघून नाही.