रायझन ५ ५६०० आणि आरटीएक्स ४०६०: अकोल्याच्या उन्हाळ्यासकट नऊ महिने

नोव्हेंबर २०२३ मध्ये, दिवाळीच्या तोंडावर, घरी गेमिंगचा कॉम्प्युटर जोडून घेतला: प्रोसेसर एएमडीचा रायझन ५ ५६००, आणि ग्राफिक्स कार्ड (गेमचं चित्र तयार करणारा भाग) एनव्हिडियाचं आरटीएक्स ४०६०. आता ऑगस्ट २०२४ लागला. मधे अख्खा उन्हाळा गेला, आणि तोही अकोल्याचा. मे महिन्यात पारा ४५ च्या वर चढला, उन्हामुळे कलम १४४ लागलं, त्या आठवड्यातही हे मशीन रोज रात्री चालू होतं. मी मुद्दामच तोपर्यंत लिहायचं थांबले होते. नवं मशीन नोव्हेंबरात छान चालणारच. आमच्याकडे खरी परीक्षा एप्रिलपासून पुढे होते.

आधी सांगते, खेळणारे आम्ही दोघं. मी सायबरपंक २०७७ आणि विचर ३ सारखे निवांत, देखणे गेम खेळते. धाकटा भाऊ व्हॅलोरंट आणि काउंटर-स्ट्राइक २ वर असतो. मशीन एकच, पण दोघांच्या मागण्या अगदी वेगळ्या. मला चित्र हवं, म्हणजे कार्ड तगडं हवं. त्याला फ्रेम (सेकंदाला दिसणारी चित्रं) जास्त हव्यात, आणि त्या गेममध्ये कार्ड अर्धं रिकामं बसून प्रोसेसरवर ताण येतो. मॉनिटर २४ इंची, १०८०पी (फुल एचडी), १६५ हर्ट्‌झचा. मॉनिटर सोडून सत्तर हजारांत सगळं बसवायचं ठरवलं होतं.

दुकानदाराने पहिलं कोटेशन दिलं त्यात इंटेलचा आय सेव्हन प्रोसेसर आणि सोबत ४ जीबीचं कार्ड होतं. "आय सेव्हन घ्या, सात वर्षं बघायला नको." आपल्याकडे हे वाक्य इतक्या घरांत चालतं की मला त्याचा मनापासून राग येतो. आईबाप पोटाला चिमटा काढून पैसे देतात, ते सगळे प्रोसेसरच्या नावावर जातात आणि पोरगं लो सेटिंगवर खेळत बसतं. गेमिंगसाठी प्रोसेसरचे सहा कोर, बारा थ्रेड (एकावेळी बारा कामं) आज पुरतात. उरलेला पैसा कार्डात आणि एसएमपीएसमध्ये (वीज पुरवणाऱ्या डब्यात) गेला पाहिजे.

मग त्याने ५६०० च्या जागी ५६००जी सुचवला. "सेमच आहे, वरून ग्राफिक्स फुकट." सेम नाही. ५६०० मध्ये एल३ कॅश (प्रोसेसरच्या आतली वेगवान मेमरी) ३२ एमबी आहे, ५६००जी मध्ये १६. गेममध्ये हा फरक जाणवतो, विशेषतः भावाच्या गेममध्ये. दुसरं म्हणजे ५६००जी पीसीआयई (प्रोसेसर आणि कार्ड जोडणारा मार्ग) ३.० या जुन्या पिढीवरच थांबतो. आरटीएक्स ४०६० ला मुळातच आठ लेन आहेत, सोळा नाहीत, त्यामुळे ४.० मिळालेलं बरं. म्हणून ५६०० आणि बी५५० मदरबोर्ड घेतलं. वेगळं कार्ड घेणारच असाल तर जी वाल्या प्रोसेसरच्या वाटेला जाऊ नका. इंटेलचा आय५-१२४००एफ सुद्धा तितकाच चांगला होता, फक्त त्या दिवशी बोर्ड धरून हिशेब रायझनचा बसला.

कार्डाचा निर्णय मात्र पंधरा दिवस चालला. समोर तीन नावं होती: आरएक्स ६६००, आरटीएक्स ३०६० (१२ जीबीचं) आणि आरटीएक्स ४०६०. शेवटी मी वॅट बघून ठरवलं. ६६०० चे १३२ वॅट, ३०६० चे १७०, ४०६० चे ११५. कार्ड जितकी वीज खातं तितकी उष्णता खोलीत सोडतं. ३०६० आणि ४०६० मधला ५५ वॅटचा फरक म्हणजे कॅबिनेटमध्ये जुना साठचा बल्ब पेटवून ठेवल्यासारखं. पुण्यात किंवा नाशकात याचं कोणाला फारसं वाटणार नाही. आमच्याकडे रात्री दहालाही भिंती भट्टीसारख्या तापलेल्या असतात.

पहिल्याच आठवड्यात भावाची तक्रार आली, "ताई, फाईट सुरू झाली की झटका बसते." आफ्टरबर्नर या सॉफ्टवेअरचे आकडे स्क्रीनवर लावले. फ्रेम २४० च्या आसपास, पण गेममध्ये धूर सुटला, दोन-तीन जण समोर आले की एकदम १३० वर. त्याच वेळी कार्डाचा वापर पन्नास टक्के. म्हणजे कार्डाचा दोष नव्हता. प्रोसेसरचा एकूण वापर ३५ टक्के दिसत होता, पण त्या आकड्यावर विसंबू नका. बारा थ्रेडपैकी एकच भरलेला असला तरी गेम तिथेच अडतो आणि सरासरी मात्र कमी दिसते. टास्क मॅनेजर उघडला तर रॅमचा स्पीड २४००. आम्ही ३२०० च्या रॅमचे पैसे दिले होते. कॅबिनेटचं झाकण काढलं, टॉर्च मारला, आणि दिसलं की ८-८ जीबीच्या दोन्ही पट्ट्या शेजारशेजारच्या स्लॉटमध्ये खोचल्या आहेत. त्यामुळे रॅम आणि प्रोसेसरमधल्या दोन मार्गांपैकी (चॅनल) एकच चालत होता. एक पट्टी काढली, प्रोसेसरकडून मोजून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये दोन्ही बसवल्या, 'टक' आवाज येईपर्यंत दाबल्या. बायॉसमध्ये (मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये) जाऊन एक्सएमपी, म्हणजे रॅम पूर्ण वेगाने चालवणारं सेटिंग, चालू केलं. त्या रात्रीपासून त्याच्या फ्रेम २०० च्या खाली आल्या नाहीत. दुकानातून असेंबल करून घेतलेलं मशीन असेल तर आजच हे दोन्ही तपासा. फुकटात मिळणारा वेग आहे तो.

माझ्या बाजूने ४०६० ने निराश केलं नाही. सायबरपंक १०८०पी ला, अल्ट्रावर, रे ट्रेसिंग (प्रकाश-सावल्यांचा खऱ्यासारखा हिशेब) बंद ठेवून सत्तर फ्रेमच्या आसपास चालतो, आणि डीएलएसएस (कमी रिझोल्यूशनचं चित्र मोठं करणारं तंत्र) क्वालिटीवर टाकलं की नव्वदच्या जवळ जातो. नाइट सिटीत पाऊस पडताना मी नुसती चालत फिरते, तेवढ्यासाठीही पैसे वसूल झाले असं वाटतं. फ्रेम जनरेशनचं, म्हणजे मधल्या फ्रेम कार्डानेच बनवून घालायच्या त्या तंत्राचं, मात्र फार कौतुक सांगणार नाही. रे ट्रेसिंग लावून ते चालू केलं तर आकडा ८० दाखवतो, पण माउस हलवला की हात जड वाटतो. मुळातल्या फ्रेम साठच्या वर असतील तरच त्यात मजा आहे. मी बंदच ठेवते.

आता उन्हाळा. मार्चअखेर प्रोसेसर ८७ अंशांवर जायला लागला. ५६०० ची मर्यादा ९० ची आहे. प्रोसेसरसोबत आलेला छोटा पंखा सगळ्या ताकदीने फिरत होता, पण खोलीतच ३८ अंश म्हटल्यावर तो तरी काय करणार? बाबा म्हणाले, "एवढ्या उन्हात माणूस तापते, मशीन कशी नाई तापन?" एकोणीसशेचा टॉवर कूलर आणून बसवला, तेव्हा ७४ वर थांबला. विदर्भ, मराठवाडा, खानदेशात राहत असाल तर हा खर्च पहिल्याच दिवशी बजेटमध्ये धरा.

कार्ड हिवाळ्यात ६३ अंशांवर असायचं, मे मध्ये ७७ वर गेलं. धोक्याचं नव्हतं, पण पंख्याचा आवाज हेडफोनमधून ऐकू येत होता. आफ्टरबर्नरमध्ये पॉवर लिमिट (कार्डाने घ्यायच्या विजेची मर्यादा) ८५ टक्क्यांवर आणली. तापमान ७२ झालं, फ्रेम ७१ वरून ६९. दोन फ्रेम देऊन पाच अंश मिळाले, म्हणून मी हे सेटिंग जूनपर्यंत तसंच ठेवलं. आणखी एक, खोलीतला वाळ्याचा कूलर कॅबिनेटकडे तोंड करून ठेवू नका. हवा गार असते पण ओली असते, आणि कधीकधी तुषारही उडतात. आम्ही टेबल दुसऱ्या भिंतीला नेलं आणि खिडकी थोडी उघडी ठेवली.

कमी वॅटचा दुसरा फायदा लाईट गेल्यावर कळला. आमचा यूपीएस साधा ६०० व्हीएचा, म्हणजे ३६० वॅटपर्यंतचा. सायबरपंक चालू असताना मॉनिटर धरून २४० च्या आसपास लोड येतो, त्यामुळे यूपीएस ओरडतो पण बंद पडत नाही. गेम सेव्ह करून मशीन नीट बंद करण्याएवढा वेळ मिळतो.

एक उणीव आहे, आणि ती घेतानाच माहीत होती. कार्डाची मेमरी ८ जीबी. एका नव्या, मोठ्या गेममध्ये टेक्श्चर (भिंती, जमिनीवरची बारीक चित्रं) अल्ट्रावर ठेवले तर मेमरी गच्च भरली. जवळ गेल्यावरही भिंती चिखल फासल्यासारख्या दिसायच्या, दोन-तीन सेकंदांनी स्पष्ट व्हायच्या, आणि कॅमेरा फिरवला की हिसका. टेक्श्चर हायवर आणल्यावर सगळं सुरळीत झालं. १०८०पी वर मला एवढी तडजोड चालते. १४४०पी चा मॉनिटर घ्यायचा असेल किंवा ब्लेंडरसारख्या थ्रीडी सॉफ्टवेअरवर काम करायचं असेल, तर ८ जीबीत अडकू नका. १२ जीबीचं ३०६० वेगात थोडं मागे आहे, पण मेमरीच्या बाबतीत मोकळं आहे. आणि घरात फक्त व्हॅलोरंटच चालणार असेल तर ४०६० सुद्धा जास्तच होतं. भावाचं एकट्याचं मशीन असतं तर मी ६६०० घेऊन सात-आठ हजार वाचवले असते आणि मॉनिटर आणखी चांगला आणला असता.

गेल्या महिन्यापासून भाऊ ५७००एक्स३डी या प्रोसेसरच्या मागे लागलाय. याच बोर्डवर बसतो, ९६ एमबी कॅश आहे, त्यामुळे त्याचं म्हणणं अगदीच चुकीचं नाही. मी त्याच्याच मॅचचा आलेख काढून दाखवला. सगळ्यात खालची रेघ २०० च्या वर आणि मॉनिटर सेकंदाला १६५ च फ्रेम दाखवू शकतो. प्रोसेसर बदलून त्याला डोळ्यांना काहीच वेगळं दिसणार नाही. त्यासाठी साठवलेले पैसे आता इन्व्हर्टरच्या बॅटरीला जाणार आहेत, कारण आमच्या भागातली लाईट पावसाळ्यातही संध्याकाळी हमखास जाते, आणि ती नेमकी त्याच्या रँक्ड मॅचची वेळ असते.