फिश फाइंडर आणि विजेची मोटर: एक मोसम वापरल्यानंतर

नमनाला घडाभर तेल नको, आधी निकाल सांगतो. गोड्या पाण्यातल्या छोट्या होडीवर पैसे घालायचे असतील तर पहिला मान जागेवर थांबवणाऱ्या विजेच्या मोटरला, दुसरा बॅटरी आणि वायरिंगला, आणि पाण्याखालचं दाखवणाऱ्या फिश फाइंडरच्या स्क्रीनला तिसरा. खरेदी करताना आपण नेमकं उलटं करतो, कारण डोळ्यांत भरते ती स्क्रीन. स्क्रीनसुद्धा कामाची आहे, फार कामाची आहे, पण जाहिरातीत दाखवतात त्या कारणासाठी नाही.

होडी सुमारे चार मीटरची, सपाट तळाची, अॅल्युमिनियमची. दोन माणसं, सामान आणि बॅटऱ्या धरून पाण्यावर भार साधारण ४०० किलो. पुढच्या टोकाला १२ व्होल्टची, ५५ पौंड थ्रस्टची (थ्रस्ट म्हणजे ढकलण्याचा जोर), जीपीएस नांगर असलेली मोटर. मागच्या फळीवर ट्रान्सड्यूसर, म्हणजे पाण्यात आवाज सोडून त्याचा प्रतिध्वनी टिपणारं डोकं. त्यात चर्प (एकाऐवजी अनेक वारंवारतांचा आवाज), डाउन इमेजिंग (खालचं चित्र) आणि साइड इमेजिंग (दोन्ही बाजूंचं चित्र) आहे, आणि त्याला जोडलेली ७ इंची स्क्रीन. फिरणं बहुतेक मोठ्या जलाशयात, जिथे जुन्या नदीचं पात्र अजून पाण्याखाली शाबूत आहे. कंपन्यांची नावं मुद्दाम देत नाही. या वर्गातल्या यंत्रांत मेन्यूची मांडणी वेगळी असते, पाण्याखालचं गणित सगळ्यांचं एकच.

थ्रस्टचा रूढ हिशोब असा, की भरलेल्या होडीच्या दर ४५ किलोंमागे २ पौंड. म्हणजे मला १८ पौंड पुरायला हवेत. शांत पाण्यात पुरतीलही. पण हा हिशोब होडी हलवण्याचा आहे, वाऱ्याच्या तोंडावर तासभर एका जागी धरून ठेवण्याचा नाही. सपाट तळाची हलकी होडी पाण्यात कमी आणि वाऱ्यात जास्त असते, झुळूक आली की घसरते. हिशोबाच्या तिप्पट थ्रस्ट असूनही जोराच्या वाऱ्यात माझी मोटर कधीकधी पूर्ण जोर लावते. त्यामुळे घेणाऱ्याला एकच सांगेन: हिशोबाने येतो त्याच्या किमान दुप्पट घ्या.

जीपीएस नांगर म्हणजे बटण दाबलं की मोटर ती जागा लक्षात ठेवते आणि होडी वाहू लागली की स्वतः वळून, पंखा फिरवून परत आणते. मीटर-दोन मीटरचा झोका राहतो, तो गृहीत धरा. याने मासेमारीत काय बदललं? पूर्वी खऱ्या नांगराने होडी थांबवायचो. जागा चुकली तर नांगर ओढायचा, चिखल धुवायचा, पुन्हा टाकायचा. एवढा खटाटोप केल्यावर ती जागा सोडवत नसे, मासे असोत की नसोत. आता दीड मीटर डावीकडे सरकायचं तर रिमोटवरचं एक बटण पुरतं. बुडालेल्या झाडाच्या एकाच फांदीशेजारून, एकाच कोनातून, ल्यूर (नकली आमिष) पुन्हापुन्हा ओढता येतो. पहिल्या चार-पाच फेकींना हलायला तयार नसलेला मासा नंतर चिडून झडप घालतो, हे मला तेव्हाच उमगलं, कारण त्याआधी होडी तोवर वाहून गेलेली असायची.

उथळ पाण्यात मात्र याचा भरवसा धरू नका. दोन मीटरच्या आत, विशेषतः पाणी नितळ असेल तर, पंख्याचं एकदम सुरू होणं आणि थांबणं माशांना सहन होत नाही. एकसारखा आवाज ते चालवून घेतात, तुटक आवाज नाही. तिथे मी लांब बांबू तळात रोवून होडी बांधतो. बांबूला चार्जिंग लागत नाही.

आता स्क्रीन. १९४८ मध्ये जपानमध्ये फुरुनो बंधूंनी मासे शोधणारं यंत्र बाजारात आणलं तेव्हाचं तत्त्व आजही तेच आहे: आवाज खाली सोडायचा, प्रतिध्वनी परत यायला किती वेळ लागला ते मोजायचं. गोड्या पाण्यात आवाज सेकंदाला साधारण १,४८० मीटर धावतो. हा आवाज शंकूसारखा पसरत खाली जातो, आणि हा शंकू डोक्यात पक्का बसल्याशिवाय स्क्रीन वाचता येत नाही. २०० किलोहर्ट्झला शंकूचा कोन साधारण २० अंश असतो, म्हणजे तळावरच्या वर्तुळाचा व्यास खोलीच्या एक तृतीयांश. ९ मीटर पाण्यात आपण जेमतेम ३ मीटरचं वर्तुळ बघत असतो. बाकी जलाशय अंधारात.

दुसरी गोष्ट, स्क्रीनवर ‘आत्ता’ म्हणजे फक्त उजवी कड. त्याच्या डावीकडचं सगळं होऊन गेलेलं. होडी उभी असली तरी चित्र सरकत राहतं, त्यामुळे खाली एकच मासा निवांत उभा असेल तर त्याची लांबच लांब रेघ उमटते. कमान दिसते ती मासा शंकूच्या एका कडेने आत येऊन दुसऱ्या कडेने बाहेर गेला तर: आधी अंतर जास्त, मध्ये कमी, पुन्हा जास्त. म्हणून कमानीच्या लांबीवरून माशाचा आकार ठरवू नका. हळू चालणाऱ्या होडीखाली बोटभर मासासुद्धा लांब कमान काढतो. आकाराचा अंदाज घ्यायचाच तर कमानीची जाडी आणि रंगाची तीव्रता बघा, आणि तरीही तो अंदाजच. माशाची चित्रं दाखवणारी सोय तर पहिल्याच दिवशी बंद करा. ती बुडबुड्यांना, फांद्यांना आणि पाणवनस्पतींनाही मासा ठरवते.

यंत्राचं खरं मोल मला तळ वाचताना कळलं. कठीण तळ ठसठशीत दिसतो आणि त्याच्या बरोबर दुप्पट खोलीवर त्याचा दुसरा प्रतिध्वनी उमटतो. गाळाचा तळ आवाज पिऊन टाकतो, तिथे दुसरा प्रतिध्वनी फिका किंवा गायब. गाळ संपून खडक सुरू होतो ती सीमा, जुन्या पात्राचा काठ, पाण्याखालचा उंचवटा, अशा जागा एकदा नकाशात खुणावून ठेवल्या की त्या पुढच्या मोसमातही तिथेच असतात. मासा खुणावण्यात काही अर्थ नाही, तो तासाभरात हलतो.

त्याहून मोठी बचत झाली ती उन्हाळ्यात. मोठ्या साठ्यात ऊन तापलं की वरचं पाणी गरम आणि हलकं होतं, खालचं थंड आणि जड राहतं, आणि दोन्ही मिसळणं थांबतं. मध्ये तापमान झपाट्याने उतरणारा एक पट्टा तयार होतो, त्याला थर्मोक्लाइन म्हणतात. तळाशी कुजणारा पालापाचोळा खालच्या थरातला प्राणवायू संपवतो आणि वरून नवा पोचत नाही. संवेदनशीलता ऑटोवरून काढून हाताने थोडी वाढवली, की हा पट्टा स्क्रीनवर धुरकट आडव्या रेघेसारखा दिसतो. आमच्याकडे तो सहा-सात मीटरवर होता आणि त्याखाली स्क्रीन कोरी. म्हणजे खोल पाण्यात मोठे मासे असतात हा पिढीजात समज त्या दिवसांत जवळजवळ निरुपयोगी. पात्राचा काठ १२ मीटरवर कितीही सुंदर दिसो, तिथे गळ सोडणं म्हणजे हवेत सोडणं. आम्ही त्याच उताराचा सहा मीटरच्या वरचा भाग धरला आणि दिवस बदलले. यंत्राने मासे दाखवले त्यापेक्षा मासे नसलेलं पाणी दाखवलं, हा माझ्या लेखी त्याचा सर्वांत मोठा उपकार.

साइड इमेजिंगला सवय लागते. मधली काळी पट्टी म्हणजे होडीखालचं पाणी, दोन्ही बाजूंना तळ पसरलेला. यात वस्तूपेक्षा तिची सावली वाचायची, म्हणजे तिच्यामागे आवाज न पोचल्याने पडलेली काळी जागा. झाडाची सावली लांब असेल तर झाड उंच उभं आहे. माशाचा पांढरा ठिपका आणि त्याची सावली यांत अंतर असेल तर मासा तळापासून वर आहे. चिकटून असेल तर तळावर. होडी सरळ रेषेत, ताशी पाच-सहा किलोमीटरने चालली पाहिजे. वळलात की चित्र वेडंवाकडं होतं, त्यावरून काही ठरवायला जाऊ नका. रुंदी प्रत्येक बाजूला २० ते २५ मीटरच ठेवा. यंत्र शंभर मीटर दाखवू शकतं, पण त्यात झाड आणि दगड सारखेच दिसतात. आमची पद्धत अशी की गळाला हात न लावता आधी तासभर नुसतं फिरायचं. सोबतीला येणारे वैतागतात.

उभ्या जिगिंगबद्दल, म्हणजे जिग हे वजनदार आमिष होडीखाली सरळ सोडून वर-खाली नाचवण्याबद्दल, थोडं सांगायला हवं, कारण मजा तिथेच आहे. होडी जागेवर धरून जिग सरळ खाली सोडला की तो स्वतः स्क्रीनवर रेघ म्हणून दिसतो. कधीतरी तळाजवळून दुसरी रेघ सुटते आणि जिगच्या रेघेकडे तिरपी वर येते. तो मासा. अशा वेळी जिग त्याच्या अंगावर सोडू नका, हळूहळू वर घेत राहा. शिकार पळते आहे असं वाटलं तर तो पाठलाग करतो. शिकारच अंगावर आली तर बिचकतो. दोरी ब्रेडेड (धागे विणलेली) हवी, ती जवळजवळ ताणली जात नाही आणि आठ मीटरवरची टिचकी बोटाला कळते. शेवटचा दीड-दोन मीटर तुकडा फ्लुरोकार्बनचा. त्याचा अपवर्तनांक १.४२ च्या आसपास, म्हणजे नायलॉनपेक्षा पाण्याच्या १.३३ ला जवळ, त्यामुळे नितळ पाण्यात दोरी कमी उठून दिसते.

याला एक अट आहे, जी खरेदीच्या वेळी कुणी सांगत नाही. जिग शंकूच्या आत असेल तरच दिसतो. ट्रान्सड्यूसर मागे आणि गळ टाकणारा पुढे असेल तर चार मीटरचं अंतर पडतं, आणि पुढच्या माणसाच्या गळाखाली काय चाललं आहे ते स्क्रीनला ठाऊकच नसतं. खुणेचंही तेच. खूण करणाऱ्या जीपीएसचा अँटेना स्क्रीनमध्ये, स्क्रीन मागे, तर मोटरचा स्वतःचा जीपीएस पुढच्या टोकाला. म्हणून मोटरने तुम्हाला त्या खुणेवर नेऊन थांबवलं की तिथे होडीचं नाक येतं, शेपूट नाही.

मासे परत सोडणाऱ्यांसाठी: १० मीटर खोलीवर दाब पृष्ठभागाच्या दुप्पट असतो. तिथून मासा झटकन वर आणला की त्याची हवेची पिशवी फुगते आणि सोडल्यावर त्याला खाली जाता येत नाही. गंमत म्हणजे स्क्रीनवर मासा दिसतो तोही मुख्यतः याच पिशवीतल्या हवेमुळे. सोडूनच द्यायचे असतील तर खोल पाण्यातले मासे स्क्रीनवर दिसले तरी दिसू द्यावेत.

बॅटरीचं. १०० अँपिअर-अवरची लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी बारा-तेरा किलोंची, तेवढ्याच क्षमतेची शिशाची तीस किलोंच्या आसपास. शिवाय शिशाची निम्म्याच्या खाली रोज उतरवली तर लवकर मरते. छोट्या होडीत सतरा किलो कमी होणं हातालाही कळतं आणि होडीच्या तोलालाही. मोटर पूर्ण वेगाने जवळपास ५० अँपिअर ओढते, म्हणजे हिशोब दोन तासांचा. पण निम्म्या वेगाला लागणारी वीज निम्म्याहून खूपच कमी असते, त्यामुळे संयमाने वापरली तर दिवस सहज निघतो. मेख एवढीच की लिथियमचा व्होल्टेज शेवटपर्यंत जवळजवळ सपाट राहतो आणि मग एकदम कोसळतो. व्होल्टमीटर बघून काही कळत नाही. अँपिअर-अवर मोजणारा मीटर लावा, आणि वल्ही होडीतच असू द्या. शून्य अंशाखाली ही बॅटरी चार्ज करायची नाही, आणि चार्जर तिच्याच जातीचा हवा.

स्क्रीनला स्वतंत्र छोटी बॅटरी द्या. मोटरचा वेग विजेचे तुकडे पाडून कमी-जास्त होतो, आणि हे तुकडे एकाच बॅटरीवरच्या सोनारमध्ये, म्हणजे फिश फाइंडरमध्ये, पावसासारख्या रेघा म्हणून उमटतात. नेमका मोटर चालू असतानाच गोंधळ होत असेल तर यंत्रात दोष नाही, वायरिंगमध्ये आहे. मोटरची तार एका कडेने, ट्रान्सड्यूसरची दुसऱ्या कडेने. मोटरच्या तारेवर बॅटरीजवळच ६० अँपिअरचा ब्रेकर, सोनारला ३ अँपिअरचा फ्यूज.

तक्रारी आहेत. ओल्या हाताला टचस्क्रीन जुमानत नाही. बटणं असलेलं मॉडेल मिळत असेल तर तेच घ्या. सॉफ्टवेअर अपडेटने माझी सगळी सेटिंग एकदा पुसली, तेव्हापासून खुणा आणि सेटिंग मेमरी कार्डवर उतरवल्याशिवाय अपडेट करत नाही. पोलराइज्ड चष्मा घालून बघितलं तर एका विशिष्ट कोनात स्क्रीन काळी पडते, म्हणून ती वळवता येईल असाच आधार निवडा. ट्रान्सड्यूसरचा ब्रॅकेट दगडाला लागला की वर उडतो, हे चांगलंच आहे, पण त्याचे स्क्रू दर काही दिवसांनी ढिले होतात आणि डोकं जरा तिरपं झालं तरी तळाची रेघ जाड आणि पसरट दिसू लागते.

लाइव्ह सोनार (पाण्याखालची हालचाल त्याच क्षणी दाखवणारा) का नाही, असं विचारणारे भेटतात. गार्मिन कंपनीने २०१८ मध्ये लाइव्हस्कोप हा असा सोनार आणल्यापासून तेच सगळ्यांना हवं आहे. मित्राच्या होडीवर वापरून पाहिलं. मासा ल्यूरकडे वळताना, थबकताना, पाठ फिरवताना डोळ्यांसमोर दिसतो, यात वाद नाही. पण माणूस दिवसभर मान खाली घालून बसतो, वीज जास्त लागते, आणि ज्याला अजून तळ वाचता येत नाही त्याला ते एका माशामागून दुसऱ्या माशामागे नुसतं पळवत ठेवतं. माझ्या यादीत त्याआधी दुसरा, साधा ट्रान्सड्यूसर आहे, मोटरच्या खालच्या टोकाला बसवायचा. त्याची तार मोटरच्या दांड्यावरून घ्यावी लागेल आणि ती मोटरच्या तारेला चिकटून जाईल, म्हणजे रेघांचा त्रास परत येण्याची शक्यता आहे. त्यावर फेराइटच्या (विजेचा गोंगाट दाबणाऱ्या) कड्या लावून बघणार आहे. कुणी हे आधी केलं असेल तर कड्या तारेच्या कोणत्या टोकाला लावल्यात ते कळवा.